गाडी झोपवणं म्हणजे नेमकं काय? मोटोजीपीची करामत वर्धनगडच्या घाटात का चालत नाही

वडूज : मोबाईलवर रील उघडली की एक तरी व्हिडिओ असतोच. रंगीबेरंगी कातडी सूट घातलेला रायडर, गाडी रस्त्याला जवळपास टेकलेली, गुडघा आणि कोपर डांबराला घासतंय, आणि तरीही गडी पडत नाही. तोच व्हिडिओ बघून आपल्या भागातली काही पोरं वर्धनगडच्या घाटात किंवा दहिवडी रोडला वळणावर गाडी झोपवायला जातात. काही वाचतात, काही वाचत नाहीत.

तो रायडर पडत का नाही, यामागे जादू नाही, शास्त्र आहे. ते समजलं तर दोन फायदे होतील. रेस बघायला जास्त मजा येईल, आणि त्यातलं आपल्या रोजच्या गाडीला काय लागू पडतं नि काय नाही, तेही कळेल.

गाडी वळणात वाकवावीच का लागते?

सायकलला एका बाजूला दुधाची किटली अडकवली की आपण आपोआप दुसऱ्या बाजूला कलतो. तोल असाच सांभाळला जातो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला फेकली जाऊ पाहते, म्हणून रायडर तिला आत वाकवतो. वेग जितका जास्त आणि वळण जितकं आवळ, तितकं जास्त वाकावं लागतं.

इथं एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. समजा वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ६० किलोमीटरने ते वळण घ्यायचं तर गाडी साधारण ३० अंश वाकवावी लागते. तेच वळण ८० ने घ्यायचं म्हटलं तर ४५ अंश. वेग फक्त २० ने वाढला, पण वाकणं दीडपट झालं. कारण वळणावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि ४५ अंश वाकलेल्या गाडीला आपल्या रस्त्यावर, आपल्या टायरवर, पकड शिल्लक राहत नाही. साध्या गाडीचं फूटरेस्ट किंवा स्टँड त्याच्या आधीच रस्त्याला घासायला लागतं. ते घासलं की मागचं चाक उचललं जातं आणि गाडी सरळ सरपटत बाहेर जाते.

मोटोजीपीचे रायडर ६० अंशांच्याही पुढं जातात. ते जमतं टायरमुळं. तो टायर आपल्या दुकानात मिळत नाही, आणि मिळाला तरी आपल्या रस्त्यावर चालणार नाही. त्याबद्दल पुढं.

अंग गाडीच्या आत लटकवायचं कारणही हेच आहे. रायडरचं वजन आतल्या बाजूला गेलं की तेच वळण तेवढ्याच वेगाने घ्यायला गाडीला थोडं कमी वाकावं लागतं. म्हणजे टायरचा मधला, रुंद भाग रस्त्यावर जास्त राहतो. गुडघा टेकवणं हे मुळात मोजमाप आहे. गुडघा लागला की रायडरला कळतं, आता किती वाकलोय. म्हणून सुटाच्या गुडघ्यावर प्लास्टिकचा जाड गोळा बसवलेला असतो. जीन्सवर तो नसतो. ट्रॅकवर गुडघा टेकतो तो वेगाचा परिणाम म्हणून. आपल्याकडे रीलसाठी आधी गुडघा काढतात आणि मग वेग शोधतात, तिथंच घोटाळा होतो.

हँडल उलटं ढकलायचं?

हे ऐकून बऱ्याच जणांना पटत नाही. गाडी डावीकडं वळवायची असेल तर वेगात असताना हँडलची डावी मूठ हळूच पुढं ढकलायची. म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडं वळतं आणि गाडी डावीकडं वाकते. अगदी हळू, चालण्याच्या वेगाने जाताना आपण हँडल सरळ वळवतो. पण वेग वाढला की प्रत्येक दुचाकीवाला, स्प्लेंडरवाला असो की बुलेटवाला, नकळत हेच करत असतो. रेसर मंडळी तेच जाणूनबुजून, जोरात आणि मोजून करतात.

याचा रस्त्यावर खरा उपयोग आहे. अचानक कुत्रं आडवं आलं, खड्डा दिसला, की घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरून त्या खड्ड्याकडंच बघत बसतो. गाडी तिकडंच जाते. नजर जिथं, गाडी तिथं. रेसिंग शाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवतात : जिथून बाहेर पडायचंय तिकडं बघा, खड्ड्याकडं नाही.

पुढचा ब्रेक

आपल्याकडं एक समज पक्का आहे. पुढचा ब्रेक मारला की गाडी पालथी पडते. त्यामुळं पोरगं गाडी शिकताना घरचे सांगतात, 'फक्त पायाचा ब्रेक लाव.' हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण अर्धवट आहे.

ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं, मग मागचा ब्रेक कितीही दाबला तरी चाक नुसतं घसटतं. म्हणजे थांबवण्याचं खरं काम पुढचं चाकच करतं. मोटोजीपीत तर मागचं चाक हवेत उचलेपर्यंत पुढचा ब्रेक दाबतात, तोही एक-दोन बोटांनी. तिथं पुढं कार्बनच्या डिस्क असतात. त्या थंड असताना नीट धरत नाहीत, काही शे अंश तापल्यावरच खरं काम करतात. पावसात हा मोठाच प्रश्न असतो.

पालथं पडायला कारण पुढचा ब्रेक नसतो. कारण असतं तो झटक्यात आवळणं, हँडल वळलेलं असताना आवळणं, नाहीतर खाली खडी-वाळू असताना आवळणं. गाडी सरळ असताना, आधी हळू आणि मग वाढवत दाबला तर पुढच्या ब्रेकइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. दोन्ही ब्रेक एकत्र वापरायचे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याहून लहान गाड्यांना निदान एक ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकांना लागेल अशी सोय असते. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. पण खडीवर थांबायला लागणारं अंतर ते कमी करत नाही, हे लक्षात असू द्या.

अंतराचाही हिशोब बघा. कोरडा, चांगला डांबरी रस्ता आणि धडधाकट ब्रेक धरू. समोरचं दिसून ब्रेकवर बोट जायला एक सेकंद लागतो. ६० च्या वेगात गाडी पूर्ण थांबेपर्यंत साधारण ३७ मीटर जातात. ८० ला जवळजवळ ५८ मीटर. १०० ला ८० मीटरच्या वर. उसाच्या हंगामात रात्री समोर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असेल, तर साध्या हेडलाईटमध्ये ती इतक्या लांबून दिसते का, हे ज्याचं त्याने आठवून बघावं.

टायरची पकड म्हणजे एका घागरीतलं पाणी

रेसिंगमधली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पण रीलमध्ये कुणी दाखवत नाही. टायरजवळ पकड मोजकीच असते. घागरीतलं पाणी समजा. ब्रेकसाठी वापरलं तर वळणासाठी कमी राहतं. वळणासाठी सगळं वापरलं तर ब्रेकला काहीच उरत नाही. वळणाच्या मध्यावर, गाडी वाकलेली असताना, घाबरून ब्रेक आवळला की घागर रिकामी होते आणि पुढचं चाक निसटतं.

रेसर वळणाच्या आधी सरळ रेषेत जोरात ब्रेक मारतो, आणि गाडी जशी वाकत जाईल तसा ब्रेक थोडाथोडा सोडत जातो. म्हणजे घागरीतलं पाणी ब्रेककडून वळणाकडं मोजून ओतत राहतो. मग वळण संपत आलं, गाडी उभी राहायला लागली, की तसतसा कान पिळत जायचा. हे शिकायला वर्षं जातात. रस्त्यावर याचा सोपा अवतार पुरेसा आहे : वेग वळणाच्या आधीच कमी करा, वळणात ब्रेकला हात लावायची वेळच येऊ देऊ नका.

मागचं चाक निसटलं तर आणखी एक वाईट प्रकार होतो. मागचं चाक सरकतं, रायडर घाबरून मूठ एकदम सोडतो, चाकाला अचानक पकड मिळते, आणि गाडी झटका देऊन माणसाला वर हवेत फेकते. रेसर मंडळी साध्या घसरण्यापेक्षा याला जास्त भितात. मोटोजीपीच्या गाडीत मागचं चाक जास्त फिरायला लागलं की इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, तरीही असे अपघात होतात.

मशीन कसली असते?

आपल्या गावातल्या स्प्लेंडरशी तुलना केली की नीट समजतं. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद साधारण ८ अश्वशक्ती, वजन ११२ किलोच्या आसपास. मोटोजीपीची गाडी १००० सीसीची, ताकद अडीचशे अश्वशक्तीच्या वर, आणि वजन किमान १५७ किलो. म्हणजे स्प्लेंडरच्या एका अश्वशक्तीला १४ किलो ओढावे लागतात, तिथं एकीला अर्ध्या-पाऊण किलोचंच ओझं. २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलो ट्रॅकवर ब्रॅड बाइंडरने केटीएमवर ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला.

ॲव्हरेज किती, हा आपला लाडका प्रश्न. टाकी २२ लिटरची, आणि शर्यत साधारण ११० ते १२० किलोमीटरची. म्हणजे लिटरला पाच-साडेपाच. मध्येच पेट्रोल भरता येत नाही, त्यामुळं टाकी शेवटपर्यंत पुरवावी लागते.

गाडीच्या तोंडाजवळ लहान पंख असतात. विमानाचे पंख वर उचलतात, हे उलटे बसवलेले असल्यानं खाली दाबतात. नाहीतर एवढ्या ताकदीत पुढचं चाक सारखं वर उचलेल. सरळ रस्त्यावर गाडी खाली बसवणारी यंत्रणाही असते, पण २०२७ पासून ती बंद होणार आहे. तेव्हाच इंजिनही ८५० सीसीचं होणार आहे. वेग थोडा आवरावा, असा त्यामागचा विचार आहे.

आता टायर. कोरड्या दिवशी रेसचा टायर पूर्ण गुळगुळीत असतो, एक खाच नाही. तो मऊ रबराचा असतो आणि शर्यतीच्या आधी विजेच्या गरम गोधडीत गुंडाळून शंभर अंशांच्या आसपास तापवून ठेवतात. तापला की चिकटतो, थंड असला की घसरतो. पुष्कळ रेसर पहिल्याच फेरीत पडतात ते त्यामुळंच. पाऊस आला तर खाचांचा वेगळा टायर लावावा लागतो. यावरून कुणी म्हणेल, रेसचा टायर गुळगुळीत, मग आमचाही झिजलेला चालतो की! नाही चालत. आपला टायर कडक रबराचा असतो, रस्त्यावर धूळ, माती, शेणकाला, पाणी सगळं असतं. खाच गेली की पाणी बाजूला सारायला जागा राहत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. हवेचंही तसंच. रेसवाले मुद्दाम कमी हवा ठेवतात, कारण टायर तापून ती वाढते. आपण गाडीवर लावलेल्या स्टिकरप्रमाणे हवा भरायची, आणि ती सकाळी टायर थंड असताना तपासायची.

महाराष्ट्राचा यात हात किती?

वाटतो त्यापेक्षा जास्त. मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्राने २०११ ते २०१७ या काळात जागतिक ग्रांप्री शर्यतींच्या लहान गटात स्वतःच्या गाड्या उतरवल्या होत्या. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या असेन ट्रॅकवर महिंद्राची गाडी पहिली आली. चालवणारा इटलीचा फ्रान्चेस्को बन्याया. हाच पोरगा पुढं २०२२ आणि २०२३ असा दोनदा मोटोजीपीचा जगज्जेता झाला. बजाजची केटीएममध्ये २००७ पासून भागीदारी आहे. पुण्याजवळच्या चाकणला बनलेली आरसी ३९० युरोप-अमेरिकेत नवशिक्या पोरांच्या शर्यतीत धावली.

सप्टेंबर २०२३ मध्ये तर मोटोजीपी भारतातच आली, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. मार्को बेझेक्की जिंकला. उकाडा इतका होता की फेऱ्या कमी करून २१ कराव्या लागल्या. दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपल्यावर अंगातलं पाणी कमी होऊन कोसळला. पाऊण तास कातडी सूट, वर हेल्मेट, आणि दर वळणाला सगळं अंग ब्रेकच्या जोराविरुद्ध धरून ठेवायचं. नुसतं बसून मूठ पिळायचं काम नाही हे. तालमीतल्या गड्याला जसं मान, खांदे, मनगट तयार करावं लागतं, तसंच रेसरलाही करावं लागतं.

मातीवरच्या शर्यती मात्र आपल्या अगदी जवळ होतात. पुण्यात सुपरक्रॉसची परंपरा जुनी आहे. पुण्याचा ऋग्वेद बारगुजे राष्ट्रीय सुपरक्रॉसमध्ये जिंकत आलेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. कोल्हापूरच्या मोहितेंचा संघही त्या लीगमध्ये होता.

मातीवरची ही चाल आपल्या भागाला जास्त उपयोगाची आहे, कारण वाडीवस्तीवरचा रस्ता हा निम्मा सुपरक्रॉसच असतो. तिथले रायडर बहुतेक वेळ सीटवर बसतच नाहीत. फूटरेस्टवर उभे राहतात, गुडघे थोडे वाकलेले, टाकी मांड्यांनी आवळलेली, हात सैल. मग धक्का पाय खातात, पाठ नाही. गाडी खाली नाचते, माणूस स्थिर राहतो. कच्च्या रस्त्यावर, चारीवर, येरळेच्या वाळूत गाडी घालायची वेळ आली तर हेच करावं. हँडल आवळून धरू नये. पुढचा ब्रेक खडीवर अगदी हलका, मागचा जास्त. आणि मूठ एकदम सोडू नये, बारीक चालू ठेवावी. मागं दुधाच्या किटल्या किंवा खताची गोणी असेल तर उभं राहायच्या भानगडीत पडू नये, वेगच कमी ठेवावा.

पडल्यावर ते उठून चालतात, ते कसं?

ताशी दीडशेने पडलेला रेसर घसरत जातो, उठतो, कपडे झटकतो आणि दुसऱ्या गाडीकडं पळतो. हे बघून पोरांना पडण्याची भीती वाटेनाशी होते. पण त्याच्या अंगावर काय असतं बघा. एकसंध जाड कातड्याचा सूट, डांबरावर लांबवर घासला तरी लगेच फाटत नाही. पाठीला आणि छातीला कवच. सुटाच्या आत एअरबॅग, गाडी निसटली की डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, खांदे-बरगड्या वाचवते. २०१८ पासून ती सक्तीची आहे. हातमोज्यांना, बुटांनाही कवच.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ट्रॅक. वळणाच्या बाहेर खडीचं मोठं मोकळं मैदान असतं. खांब नाही, झाड नाही, कठडा नाही, समोरून येणारी एसटी नाही. प्रत्येक वळणावर झेंडेवाला उभा, लाल झेंडा दाखवला की शर्यत जागेवर बंद. डॉक्टर आणि रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून थांबलेली. वडूजहून साताऱ्याचं सिव्हिल पन्नासेक किलोमीटर आहे, मध्ये घाट.

एवढं असूनही जीव जातो. ५ ऑगस्ट २०२३ ला चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बेंगळुरूचा श्रेयस हरीश पहिल्या वळणानंतर पडला. डोक्याला मार लागला. शर्यत लगेच थांबवली, ट्रॅकवरच्याच रुग्णवाहिकेतून दवाखान्यात नेलं. तो वाचला नाही. वय १३.

ज्याला खरंच रेस करायचीय

पुसेगावच्या यात्रेतल्या बैलगाडा शर्यती सगळ्यांनी बघितल्यात. मैदान ठरलेलं, कडेला अडथळे, माणसं दोरीच्या मागं. भर रस्त्यावर, एसटीच्या समोर कुणी बैल पळवत नाही. गाडीचंही तसंच आहे. देशात बंदिस्त ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाला आहेत. स्पर्धेत उतरायला एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो, आणि त्यासाठी आधी प्रशिक्षण. टीव्हीएस, होंडा, रॉयल एनफिल्ड या कंपन्या एकाच प्रकारच्या गाड्यांवर शर्यती घेतात, तिथं गाडी कंपनीची असते. नवख्याला हा रस्ता स्वतःची गाडी तयार करण्यापेक्षा स्वस्त पडतो. तरी खर्च आहेच, हे आईबापांनी आधी विचारून घ्यावं.

रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे पहिल्यांदा ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा सापडला तर दंड १० हजारांपर्यंत. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली आणि गुन्हा घडला तर कलम १९९अ. पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. गाडी चुलत्याची असली तर अडचणीत चुलताही येतो.

हेल्मेटचं तेवढं बघाच

रेसमधलं एकच सामान आपल्याला जसंच्या तसं वापरता येतं, ते म्हणजे हेल्मेट. आत थर्माकोलसारखा एक थर असतो. मार बसला की तो दबतो आणि डोक्यावरचा झटका शोषून घेतो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला दीडशे-दोनशेला मिळणारी टोपी लोक घेतात, पोलिसापुरती.

नवं घेताना दुकानातच तपासायचं. डोक्यात घालायचं, गालाला थोडं दाबून बसलं पाहिजे. पट्टा हनुवटीखाली आवळायचा, एक बोट जाईल एवढीच जागा ठेवायची. मग दुसऱ्या माणसाला मागची कड धरून हेल्मेट पुढं, कपाळावरून खाली ओढायला सांगायचं. निघालं तर ते मोठं आहे, एक नंबर लहान मागायचं. आणि पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना माणसाच्या आधी बाजूला जाऊन पडतं.